खिडकीखालची शेवंती

त्या सकाळी झारी घेऊन बाहेर आले तेव्हा वाफ्यात एक रेघ दिसली. जमिनीवर नव्हे, झाडांत. रेघेच्या अलीकडे शेवंतीच्या शेंड्याशेंड्यावर कळ्यांचे घोस होते, कळ्या हरभऱ्याएवढ्या टपोऱ्या, काही तर पिवळा रंग दाखवायला लागलेल्या. आणि रेघेच्या पलीकडे नुसती पानं. मरगळलेली नव्हेत, किडलेली नव्हेत, चांगली हिरवीगार, तरतरीत पानं. त्यांच्यात एकही कळी नव्हती. झारी खाली ठेवून मी चष्मा पदराला पुसला आणि पुन्हा पाहिलं. एकच वाण, एकाच दिवशी लावलेला, एकाच झारीचं पाणी प्यालेला. मी रेघेपलीकडची झाडं एकेक करून बाजूला सारत पुढे गेले, तर चार पावलांवर दुसरी रेघ लागली आणि तिच्यापुढे पुन्हा कळ्याच कळ्या. म्हणजे मधलाच एक तुकडा वांझ राहिला होता. भिंतीपाशी अरुंद, पायवाटेकडे रुंद होत गेलेला. दोन्ही बाजूंच्या रेघा इतक्या सरळ होत्या की त्या कुणी माणसानं पट्टी ठेवून ओढल्यासारख्या वाटत होत्या, आणि झाडांना काही पट्टी ठाऊक नसते.

शेवंतीला कळी धरली नाही म्हणून वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी एखादी बाई घाबरते, हे कुणाला सांगायची सोय नाही. पण एकतीस वर्षं हा वाफा माझ्या हाताखाली आहे. बारा पावलं लांब, दोन हात रुंद, घराच्या भिंतीला बिलगून. ही काही नाजूक जातीची, कुंडीत बसून नखरे करणारी शेवंती नव्हे. थंडीनं वरून वाळून काडी होते, जमिनीखाली दम धरून राहते, आणि ऊन तापायला लागलं की मुळाशी मुनवे, नवे कोंब, फुटतात. ते सोडवून वेगळे लावायचे, वीतभर वाढले की शेंडे खुडायचे, फुटवे आले की त्यांचेही शेंडे खुडायचे, आणि दिवस लहान व्हायला लागले की हात आवरायचा. मग ती आपली आपण कळ्या धरते. पाऊस कमी झाला, मावा पडला, एकदा तर शेजारच्यांच्या कुत्र्यानं अर्धा वाफा उकरला, तरी धरते. एकतीस वर्षांत तिनं मला कधी कोड्यात टाकलं नव्हतं. मला वाटलं, खाली मातीत काहीतरी असावं. काय, ते मनात येऊ न देता मी झारी उचलली आणि त्या तुकड्याला पाणी न घालताच आत आले.

रस्त्याच्या टोकाला रोपांची बाग चालवणारा एक गृहस्थ आहे. आम्ही त्याला रोपवाला म्हणतो. पन्नाशीचा, पोट सुटलेला, माझ्याशी नातवासारखा बोलणारा. दोन दिवसांनी तो हातगाडी घेऊन दारावरून चालला होता, तेव्हा मी त्याला हाक मारून आत घेतलं. वाफ्यासमोर उभा राहून त्यानं बराच वेळ नुसतं डोकं खाजवलं. मग पाठ वळवून घराकडे, भिंतीकडे, वरच्या खिडकीकडे पाहिलं आणि एकदम हसायलाच लागला.

"आजी, रात्री इथं दिवा कुठला जळतो?"

"कुठला नाही. नऊला आमच्याकडे सामसूम होते."

"छ्या! जळतो. शेवंती खोटं बोलायची नाही. तिला लांब रात्र लागते, चांगला काळाकुट्ट अंधार. मध्येच उजेड दाखवला की तिला वाटतं, अजून दिवस मोठाच आहे, कशाला घाई करा. आम्ही शेडमध्ये मुद्दाम बल्ब लावतो की, बाजाराचा दिवस येईपर्यंत तिला रोखून धरायला." त्यानं बोटानं खिडकीच्या दोन्ही कडांपासून वाफ्यापर्यंत हवेत दोन तिरक्या रेघा ओढल्या. "बघा, बरोबर खिडकीएवढा तुकडा आहे. आणि एखाद्या रात्रीचं हे काम नाही हां. रोज. महिना-दीड महिना तरी. आजोबा परीक्षेला बसलेत वाटतं?"

मी हसले. हसावंच लागतं. खिडकी ह्यांच्या खोलीची होती.

माझा रात्रीचा खोकला आणि ह्यांचं घोरणं यांचं पटेना, म्हणून पाच वर्षांपूर्वी आम्ही खोल्या वेगळ्या केल्या. माझी खोली मागच्या अंगाला. ह्यांच्या खोलीतला दिवा मला दिसण्याचा प्रश्नच नाही. ह्यांनी जन्मभर पुलांचे आणि पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढले. निवृत्त झाल्यावर नकाशाचं ते उतरतं टेबल घरी आलं आणि खिडकीपाशी बसलं, आणि त्याच्यावर लोखंडी दांडीचा तो मोठा दिवा, ज्याच्या उजेडात सुई पडली तरी टेबलाच्या या टोकाहून त्या टोकाला दिसावी. तो दिवा महिना-दीड महिना रात्रभर जळतो आहे. आणि रोज सकाळी चहा घेताना मी विचारते, झोप लागली का, आणि हे म्हणतात, "मेल्यासारखा झोपलो होतो." हे वाक्य आता माझ्या कानात वेगळंच वाजायला लागलं. एकेक गोष्ट आठवायला लागली. हे माझ्याकडे पाहत नाहीत. बोलताना ह्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे जाते, जणू माझ्यामागे कुणी येऊन उभं आहे. पेपर मोठ्यानं वाचायची चाळीस वर्षांची सवय ह्यांनी सोडली. विचारलं तर म्हणाले, त्यात वाचण्यासारखं उरलंय काय. जुने मित्र येतो म्हणाले तर "बरं नाही" म्हणून टाळलं. माणूस एकेका गोष्टीतून हात काढून घेतो तो कशासाठी, हे मला माहीत होतं. ते मी नऊ वर्षांची असताना पाहिलं होतं.

माझे वडील पुस्तकं बांधायचे. पुढच्या खोलीत सरसाचं भांडं, दाभण, दोऱ्याची रिळं आणि पानांचे गठ्ठे, आणि त्या सगळ्यामध्ये मांडी घालून बसलेले आप्पा. मी पाण्याला उठले की त्यांच्या दाराखाली उजेडाची पट्टी दिसायची. आधी मला वाटलं, काम फार आलंय. पण दिवसा तर गठ्ठे तसेच पडून असत. आप्पा तेव्हा माझ्याशी कमी बोलायला लागले होते, जेवताना ताटाकडेच बघायचे. मी आईला म्हटलं, आप्पा रात्रीचे काय करतात? आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "विचारू नये," ती म्हणाली, "विचारलं की माणूस बिथरतं. आपोआप निवळतं सगळं." ही तिची आयुष्यभराची रीत होती. झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची. एका सकाळी आप्पांचं दार सताड उघडं होतं. अंथरुणाची घडी केलेली, दिवा मालवलेला, दाभण, कात्री सगळं जागच्या जागी. चपला तेवढ्या नव्हत्या. ते परत आले नाहीत. कुठे गेले, का गेले, जिवंत आहेत की नाही, कधीच कळलं नाही. लोकांनी आईला विचारलं, काही बोलले होते का? ती म्हणाली, मी विचारलं नव्हतं. हे तिनं इतक्या शांतपणे सांगितलं की तेव्हा मला तिचा राग आला. पुढे चौसष्ट वर्षं मी त्या रागावर जगले, आणि आता स्वतःच्या नवऱ्याच्या दारात उभी राहिले तर माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

लेकीला फोन केला. तिला म्हटलं, बाबा रात्री जागतात असं वाटतं.

"मग विचार ना सरळ त्यांना," ती म्हणाली. "एका घरात राहता की दोन देशांत?"

"हो, विचारते."

"आई, तू हो म्हणालीस ना, की मला कळतं, तू विचारणार नाहीस."

खरंच विचारलं नाही. मी ह्यांना विचारायचं सोडून झाडाला विचारलं. आज हे सांगताना शरम वाटते, पण त्या वेळी ती मला मोठी शहाणपणाची युक्ती वाटली होती. बिनकळ्यांच्या तुकड्याच्या अगदी मधलं एक झाड निवडलं, आणि रोज दिवस मावळताना त्याच्यावर पत्र्याची मोठी बादली पालथी घालायला लागले. सकाळी चहाच्या आधी जाऊन ती काढायची. रोपवाल्याचं म्हणणं खोटं असेल तर त्या झाडालाही कळी धरणार नाही, मग दोष मातीचा, मुनव्यांचा, माझ्या हाताचा, ह्यांचा नाही. दिवा जळतच नाही असं मला झाडाकडून वदवून घ्यायचं होतं. रात्री उठून स्वयंपाकघराच्या दारातून वाफ्याकडे डोकावलं असतं तर एका क्षणात कळलं असतं. पण तसं पाहणं वेगळं. पाहिलं की पुढचं पाऊल टाकावं लागतं. झाड मात्र सावकाश सांगतं, आणि ते सांगेपर्यंत माझ्याकडे तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत मी रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी कान देऊन पडून राहत असे. नळ वाजला की श्वास सोडायचा. चपलांचा आवाज आला की धरायचा. दारापाशी ह्यांच्या चपला दिसल्या की मनात मोजायचे, एक, दोन. एकदा तर त्या मी उचलून माझ्या कपाटात ठेवल्या, आणि मग हे घरभर शोधायला लागले तेव्हा "धुवायला घेतल्या होत्या" म्हणून काहीतरी थाप मारली. "चपला धुतेस?" हे म्हणाले. "उद्या छत्रीला इस्त्री करशील." आणि हसताना पुन्हा माझ्या खांद्यापलीकडे पाहिलं.

एकविसाव्या दिवशी बादलीखालच्या झाडाच्या शेंड्याला, चार पानांच्या मिठीत, मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. दुसऱ्या शेंड्यालाही. तिसऱ्यालाही. मी तशीच जमिनीवर बसले. शेजारची सगळी झाडं तशीच, नुसत्या पानांची. इतक्या वर्षांत कळी बघून मला रडू आलं ते त्याच दिवशी.

हे दुपारी केस कापायला गेले तेव्हा मी ह्यांच्या खोलीत शिरले. पत्र शोधत होते. मागे राहिलेल्यांसाठी ठेवतात तसलं. आप्पांनी ठेवलं नव्हतं, पण हे व्यवस्थित माणूस, हे ठेवतील, असं वाटत होतं. टेबलाच्या रुंद खणात, मोजपट्ट्यांच्या खाली, कागदांची एक चळत होती. पत्र नव्हतं. कागदावर रेघा होत्या. प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं ओढलेल्या वीस-पंचवीस आडव्या रेघा, वरून खाली एकमेकींच्या जवळ जवळ येत गेलेल्या, आणि कोपऱ्यात ह्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात तारीख आणि वेळ. रात्रीचे दोन. रात्रीचे तीन वाजून दहा मिनिटं. दुसरं काही नाही, एक शब्द नाही. अगदी खालचे कागद जुने होते. त्यांच्यावरच्या रेघा केसाएवढ्या अंतरानंही सुट्या. वरच्या कागदांवर त्या एकमेकींवर चढत होत्या, मधेच तुटत होत्या, आणि सगळ्यात वरच्यावर तारखेचं अक्षरही दुसऱ्याच कुणाचं असावं असं डगमगत होतं. मला त्यातलं काही कळलं नाही. एवढंच कळलं की माझा नवरा रोज रात्री उठून रेघा ओढतो, आणि त्या रेघांचं काहीतरी बिघडत चाललं आहे. डोकं फिरलेली अशी माणसं असतात हे ऐकलं होतं. मी कागद होते तसे ठेवले, आणि संध्याकाळी नेहमीसारखी बादली पालथी घातली. आता विचारण्यासारखं झाडाकडे काही उरलं नव्हतं, तरी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली काढून मी ती पायवाटेवर ठेवली आणि शेंडे बघायला वाकले. हे पेपर आणायला फाटकाकडे निघाले होते. स्वच्छ ऊन पडलं होतं. मोठी, पत्र्याची, चकाकणारी बादली वाटेच्या मधोमध होती, आणि हे ताठ चालत आले आणि सरळ तिच्यावर गेले. बादली खणखणत लांब गेली, हे गुडघ्यावर पडले आणि हात शेवंतीत रुतले. ज्या माणसानं साहेबाला भर सभेत "ही रेघ अर्धा मिलिमीटर डावीकडे आहे" म्हणून सांगितलं होतं, त्याला बादली दिसली नव्हती.

पायरीवर बसवून मी ह्यांचा गुडघा धुतला. औषध लावताना हे चुळबुळले नाहीत. माझ्या डोक्यावरून कुठेतरी बघत म्हणाले, "बादलीला काय पाय फुटले होते का?"

कापूस माझ्या हातात तसाच राहिला. आई भाजी निवडताना दिसली. तिनं मान वर केली नाही. मी केली.

"अहो, रात्री दिवा का जळतो?"

हे म्हणाले, "कुणी सांगितलं तुला?"

"शेवंतीनं."

"चहाडखोर," हे म्हणाले. आणि ह्यांचा खालचा ओठ थरथरायला लागला. लग्नाला एकावन्न वर्षं झाली, तो ओठ असा मी पाहिला नव्हता.

"डाव्या डोळ्यानं नाहीच दिसत," हे म्हणाले. "उजव्यानं कडेकडेचं दिसतं. मधलं नाही. मधे एक डाग आहे, मी बघीन तिथं तो आधीच जाऊन बसतो. तुझं तोंड बघायचं तर तुझ्या खांद्यापलीकडे बघावं लागतं. तेव्हा कुठे कान दिसतो, अंबाड्याची कड दिसते. डॉक्टरकडे जाऊन आलोय. गेलेलं परत येत नाही म्हणाला. राहिलेलं किती राहील ते बघू म्हणाला."

"आणि दिवा?"

"अंधारात जाग आली ना, की कळत नाही गं." ह्यांनी हात पुढे केला; तो माझ्या हाताच्या थोडा बाजूला पडला, मग सरकून वर आला. "खोलीतला अंधार आहे की माझ्यातला, ते कळत नाही. पहिल्या रात्री तासभर तसाच पडून राहिलो. हात हलवायची हिंमत नव्हती. म्हणून मग दिवा. डोळा उघडला की समोर उजेड पाहिजे. मग उठतो, रेघा ओढून बघतो, कालच्याइतकं दिसतं का."

"मला सांगायचं होतंत."

"तू विचारशील म्हणून थांबलो होतो. मग तू चपला लपवल्यास. वाटलं, हिला कळलंय, मी बाहेर जाऊन कुठे धडपडेन म्हणून ही घाबरलीय. तर कशाला बोला."

आम्ही दोघं तिथं बसून राहिलो. मला वाटलं होतं, विचारलं की काहीतरी कोसळेल किंवा सगळं हलकं होईल. दोन्ही झालं नाही. भीती होती तिथंच होती. फक्त तिचा चेहरा बदलला होता आणि ती आता दोघांच्या मध्ये बसली होती. हे कुठे जाणार नव्हते. पण जिथं जाणार होते तिथं मला सोबत जाता येणार नव्हतं.

"मग त्या बिचाऱ्या झाडांना आता फुलं येणार नाहीत?" ह्यांनी विचारलं.

"दिवा मालवला तर येतील. उशिरा."

त्या रात्री माझी खाट ह्यांच्या खोलीत आली. लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती रडली आणि मग म्हणाली, रविवारी येते, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. दिवा मी माझ्या हातानं बंद केला. दांडीवरून माझा हात निघेपर्यंत ह्यांचा श्वास चाललेला ऐकू येत नव्हता. ठरलं ते असं, की जाग आली की हे विचारणार आणि मी उत्तर देणार. "अंधार आहे का?" हे विचारत. "आहे," मी म्हणे, "मला माझा स्वतःचा हात दिसत नाही." आणि हे कुशीवर वळत. पहिल्या रात्री पाच वेळा. मग तीनदा. मी खोकले की हे म्हणत, "तू जागी आहेस ना, मग झालं," आणि हे घोरायला लागले की माझी झोप उडे, आणि मला ते चाले. दिवसा मी त्या तुकड्यातले शेंडे तपासत असे. पण खरं सांगते, त्या दिवसांत माझं लक्ष कळ्यांत नव्हतं. मी ह्यांच्या प्रश्नाची वाट पाहत असे. अंधारात तो प्रश्न सोपा होता. उत्तर खरं होतं, आणि माझ्या हातात होतं.

मग एका पहाटे मला पाखरांच्या आवाजानं जाग आली. खोलीत उजेड आला होता. लख्ख नाही, पण गज मोजता येत होते, टेबलाची उतरती कड दिसत होती, खुर्चीवरचा टॉवेल पांढरा दिसत होता. हे उताणे पडले होते. जागे होते, हे श्वासावरून कळलं.

"अंधार आहे का गं?" ह्यांनी विचारलं.

मी कोपरावर उठून पाहिलं. ह्यांचे डोळे मिटलेले होते. नुसते मिटलेले नाही, गच्च, कडू औषध घेताना मूल मिटतं तसे.

"डोळे उघडा ना," मी म्हटलं.

"आधी तू सांग. उजाडलंय?"

"उजाडलंय."

ह्यांचा हात चाचपडत आला आणि माझं मनगट त्यानं पकडलं. फार जोरात. "काय काय दिसतंय तुला?"

मी सांगायला लागले. गज दिसतायत. टेबल दिसतंय. तुमचा टॉवेल खुर्चीवर, घडी न केलेला. भिंतीवर ओल आलीय ती दिसतेय. तुमच्या हनुवटीवर काल दाढी करताना राहिलेले चार केस दिसतायत. हे ऐकत होते, मान हलवत होते, जणू मी नकाशा वाचून दाखवत होते आणि त्यांना तो ताडून बघायचा होता.

"बरं," हे म्हणाले. "उघडू?"

हो, उघडा, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझे स्वतःचे डोळे मी घट्ट मिटून घेतले आहेत.